कुर्ल्याची पद्मिनी, रोजच्या रस्त्यावर

कुर्ला पश्चिमेला रिक्षात बसून ‘प्रीमियर रोड’ म्हटले की रिक्षावाला काही न विचारता मीटर टाकतो. पण या रस्त्याला प्रीमियर का म्हणतात, हे आम्ही आठवीच्या वर्गात विचारले तेव्हा बहुतेक मुले गप्प बसली. एकाने ‘तिथे सिनेमाचा पहिला खेळ लागत असेल’ असे उत्तर दिले. दोष मुलांचा नाही. ती जन्मली तेव्हा कारखाना बंद होऊन बरीच वर्षे लोटली होती. आज जिथे कोहिनूर सिटीच्या इमारती उभ्या आहेत, तिथे एके काळी भोंगा वाजायचा आणि मोटारी तयार व्हायच्या.

सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. तेव्हा परवाना अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचा होता. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि मुंबईच्या रस्त्यांवर फियाट दिसू लागली. पन्नाशीच्या दशकातल्या गोलमटोल फियाटला मुंबईकरांनी एका प्राण्याचे नाव दिले होते. ते या मासिकात छापायची गरज नाही, जुन्या वाचकांना ते आठवले असेलच. १९६४ साली फियाट ११०० डिलाईट आली. १९७२ मध्ये फियाटचा परवाना संपल्यावर तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून तिला पद्मिनी हे नाव मिळाले. शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती आणखी काही वर्षे टिकली. मुंबईत टॅक्सीचे वय वीस वर्षांपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे शेवटची नोंदणी झालेली पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. त्या दिवशी वर्तमानपत्रांत मोठमोठे फोटो आले आणि अनेकांना वाटले की पद्मिनीच संपली.

टॅक्सी संपली, पण खाजगी पद्मिनी संपलेली नाही. कुर्ल्याच्या, भायखळ्याच्या, माहीमच्या कितीतरी इमारतींच्या आवारात ताडपत्रीखाली अजून एखादी उभी दिसते. कुणाच्या अब्बांची, कुणाच्या मामूंची. आमच्या घरीही मरहूम अब्बांची १९८७ सालची पद्मिनी होती. ती दुरुस्त करून गेली दोन वर्षे आम्ही रोज कुर्ल्याहून गोवंडीच्या शाळेपर्यंत चालवतो. तेव्हापासून मशिदीबाहेर, लग्नात, शाळेच्या फाटकावर एकच प्रश्न विचारला जातो: ‘सर, आमचीपण उभी आहे. होईल का चालू?’ चालू तर होईल. पण चालू होणे आणि रोज मुलांना बसवून नेता येणे यात फार अंतर आहे. हा लेख त्या अंतराविषयी आहे.

सुरुवात गॅरेजमध्ये नव्हे, घरात करावी लागते. १९६५ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी बँकेतून पाच हजार रुपये कर्ज काढून फियाट घेतली होती. गाडीची किंमत बारा हजारांच्या आसपास होती. १९६६ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि उरलेले कर्ज ललिताबाईंनी पेन्शनमधून फेडले. आपल्याकडेही मयताचे कर्ज आधी आणि वाटणी नंतर. पण घर, दुकान, दागिने यांची वाटणी करणारी मंडळी आवारात उभी असलेली गाडी मात्र विसरतात. ज्याच्या हातात किल्ली, त्याची गाडी, असे मानून मोकळे होतात. अब्बांची गाडी हा तरका आहे. त्यात अम्मींचा आठवा हिस्सा आहे. उरलेल्यात भावाचे दोन भाग तर बहिणीचा एक. आम्ही गाडीवर पैसा घालण्याआधी दोन भंगारवाले आणि एक जुन्या गाड्यांचा दलाल यांच्याकडून आहे त्या अवस्थेत किंमत काढून घेतली, सगळ्यात वरची धरली आणि अम्मी व दोन्ही बहिणींचे हिस्से हातात दिले. थोरली म्हणाली, ‘अरे, एवढ्याशा पैशाचा काय हिशेब!’ रक्कम खरोखर लहान होती. पण दुरुस्त होऊन चकचकीत झालेल्या गाडीची किंमत वेगळी असते, आणि तेव्हा हिशेब काढायला बसले की मने दुखावतात.

बहिणींच्या संमतिपत्राचा उपयोग आरटीओतही होतो. मालकाचा मृत्यू झाल्यावर वारसाने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचे आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा, असा नियम आहे. प्रत्यक्षात दहा-दहा वर्षे गाड्या मयतांच्या नावावर चालतात. अपघात झाला की मग विमा कंपनी पहिला प्रश्न तोच विचारते.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. दिल्लीत पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांविषयी जी ओरड आपण ऐकतो, तसा नियम मुंबईत आज तरी नाही. मात्र राज्य सरकारने जानेवारी २०२५ मध्ये मुंबई परिसरात पेट्रोल-डिझेल गाड्या बंद करता येतील का याचा अभ्यास करायला समिती नेमली आहे, हे लक्षात असू द्यावे. नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने वीस वर्षांवरच्या मोटारीला दहा हजार झाली. शिवाय पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि नवी नंबरप्लेट.

इथे हौशी मंडळी एक सल्ला देतात: गाडी पन्नास वर्षांची झाली असेल तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवा. २०२१ च्या नियमांनुसार तसे करता येते आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरेही मिळतात. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणे यांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोज शाळेत किंवा दुकानात न्यायची असेल तर हा मानाचा बिल्ला नको. साधी नोंदणीच ठेवावी.

आता गॅरेज. आमचे उस्ताद साठीच्या पुढचे. त्यांनी उमेदवारीच प्रीमियरच्या गाड्यांवर केली. आम्ही रंगाच्या छटांचा कागद घेऊन गेलो होतो. त्यांनी तो न बघताच बाजूला ठेवला. ‘सर, पेंट बाद में. पहले नीचे देखो.’

खाली बघण्याचे कारण असे की पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी चासी नाही. पत्र्याचे शरीर हाच तिचा सांगाडा. दरवाज्याखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि मागचे पाटे जिथे अडकवलेले असतात ती जागा, यातले काहीही गंजले तर गाडी दिसायला छान आणि आतून पोकळ होते. वरून पुट्टी भरून रंग मारलेला असेल तर डोळ्यांना कळत नाही. लोहचुंबक फिरवावा. जिथे तो चिकटत नाही तिथे पत्रा नसून पुट्टी आहे. अब्बांच्या हयातीत एका गॅरेजवाल्याने अशीच अर्धा इंच पुट्टी भरून दिली होती. ती खरवडल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसली.

कुर्ल्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने कुर्ल्याचा मोठा भाग बुडवला. त्या दिवशी बुडालेल्या कितीतरी गाड्या धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. विकत घ्यायची गाडी बघत असाल तर सीटच्या आतल्या स्प्रिंगा, दरवाज्याच्या आतला तळ, हेडलाइटच्या वाटीचा मागचा भाग इथे बोट फिरवा. वाळलेला चिखल वीस वर्षांनीही तिथे सापडतो.

आमच्या एकूण खर्चातला अर्ध्याहून अधिक पैसा या पत्राकामात गेला आणि तो कुणालाही दिसत नाही. गंजका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करायचा, आतून गंजरोधक मारायचे, पाणी जायची भोके मोकळी ठेवायची. डेंटरचे काम तीन महिने चालले. या काळात घरात एकच प्रश्न असे की एवढ्या पैशात जुनी मारुती आली नसती का. आली असती, हे आधीच सांगून टाकतो. पैसे वाचवण्यासाठी पद्मिनी दुरुस्त करणाऱ्याने हा लेख इथेच मिटवावा.

दुसरा खर्च ब्रेकचा. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात आणि आजच्या गाड्यांसारखी पायाला मदत करणारी यंत्रणा नसते. पाय जोरात दाबावा लागतो. जुन्या मॉडेलमध्ये चारही चाकांची ब्रेकलाइन एकच. एका चाकाशी गळती झाली की चारही ब्रेक गेले. म्हणून इथे ‘अजून थोडे दिवस चालेल’ हा हिशेब चालत नाही. मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडरचे रबर, रबरी होज, लायनर सगळे एकदम बदलले. ड्रम लेथवर साफ करून घेतले आणि गंजलेल्या धातूच्या नळ्या नव्या ओढल्या. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, मुंबईच्या दमटपणात तर लवकरच, म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचे. आणि हँडब्रेक. जुन्या गाड्यांत तो शोभेचा असतो. लाइन एकच असताना तो शेवटचा आधार आहे, तो चढावर गाडी धरतो की नाही हे आम्ही चुनाभट्टीच्या पुलाच्या चढावर बघितले.

त्याच वेळी सीटबेल्ट. आमच्या गाडीत ते नव्हतेच. नुसते बेल्ट आणून सीटखालच्या पातळ पत्र्याला बोल्ट मारून चालत नाही, धक्का बसला की बोल्ट पत्र्यासकट उपटून येतो. मधल्या खांबाला आणि जमिनीला आतून जाड पत्र्याची पट्टी वेल्ड करून मग बोल्ट बसवला. मागे मुलांसाठीसुद्धा तसेच. पुढच्या अखंड सीटवर पूर्वी तिघे बसायचे, आता दोघेच बसतात. मुलांची त्यावरून कुरकुर झाली. होऊ द्यावी.

वायरिंगबद्दल थोडक्यात. जुन्या वायरींचे आवरण कडक होऊन तडकते आणि शॉर्टसर्किट होते. पूर्ण हार्नेस नवा टाकावा, प्रत्येक लाइनला फ्यूज द्यावा. हेडलाइटचा पूर्ण करंट डॅशबोर्डच्या बटणातून जातो, तो रिलेवर घेतला की बटण तापत नाही आणि दिवेही उजळ लागतात. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर बसवला, कारण ट्रॅफिकमध्ये इंजिन मंद चालू असताना डायनॅमो पुरेशी वीज देत नाही. ही गाडीतली सगळ्यात उपयोगी सुधारणा, असे आमचे मत आहे.

आता पेट्रोल. हा भाग नीट वाचावा, कारण यात आग लागण्याचा धोका आहे. आज बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. पद्मिनी बनली तेव्हा अशा मिश्रणाचा विचारही नव्हता. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, मऊ करते, मग नळीला चिरा पडतात आणि पेट्रोल गरम इंजिनावर ठिबकते. ते पाणीही शोषते. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत तळाला ओल साचून गंज धरतो आणि तो गंज कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये जाऊन अडकतो. उपाय असे: इथेनॉल सोसणाऱ्या नव्या नळ्या, टाकी आतून साफ, वाटेत चांगला फिल्टर, पंप आणि कार्बोरेटरचे पडदे-वॉशर नवे. या पेट्रोलवर मिश्रण पातळ होते, इंजिन झटके देते, म्हणून कार्बोरेटर नव्याने जुळवून घ्यावा लागतो. गाडीत अग्निशामक हवाच. रोज चालणाऱ्या गाडीला हा त्रास कमी होतो, कारण पेट्रोल शिळे होत नाही.

जुन्या टॅक्सीवाल्यांनी मे महिन्यात बॉनेट उघडून पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवलेले वाचकांनी पाहिले असेल. इंजिनाला चिकटलेला पंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते. आम्ही टाकीजवळ कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवला. त्यासोबत अपघात झाल्यास पंप आपोआप बंद करणारा स्विच घेतलाच पाहिजे. रेडिएटरची जाळी नवी केली आणि इलेक्ट्रिक पंखा लावला. कुर्ला डेपोसमोर संध्याकाळी सहाला अर्धा तास अडकूनही काटा मध्यावर राहतो.

इंजिन मात्र जुनेच ठेवले. १०८९ सीसी, सुमारे चाळीस अश्वशक्ती. बोअर केले, पिस्टन-रिंग नवे टाकले, हेड घासून घेतले. पुष्कळांनी सांगितले की दुसऱ्या गाडीचे इंजिन आणि पाच गियरचा बॉक्स टाका, पैसे तेवढेच. हवानामध्ये लोक पन्नाशीतल्या अमेरिकन गाड्यांत रशियन इंजिने बसवून चालवतात हे खरे. पण तिथे दुसरा इलाज नव्हता आणि आपल्याकडे कायदा वेगळा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत मूलभूत बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पुन्हा स्पष्ट केले. परवानगीशिवाय इंजिन बदलले तर आरसी बुकातला इंजिन नंबर जुळत नाही, तपासणीत गाडी नापास होते आणि विम्याचा दावाही अडकतो. स्टिअरिंगखालचा हाताचा गियर आम्ही तसाच ठेवला. त्याच्या सांध्यांतले बुश झिजले की गियर लागत नाहीत आणि लोक बॉक्स खराब म्हणून खोलायला घेतात. आमच्या गाडीचे बुश सीएसटी रोडच्या गल्लीतल्या लेथवाल्याने नमुना बघून एका दुपारी करून दिले.

सीएसटी रोडविषयी न लिहिता पुढे जाता येत नाही. कुर्ल्यापासून कालिन्याकडे जाताना दोन्ही बाजूंना सुट्या भागांची, काचांची, भंगाराची, टायरची दुकाने आहेत. आमच्या समाजातली शेकडो घरे या रस्त्यावर चालतात. एखाद्या चाचांना दरवाज्याचे हँडल दाखवावे, ते सांगतात हे कोणत्या सालचे, आणि माळ्यावर चढून जोडी काढून देतात. टॅक्सी भंगारात गेल्या तेव्हा त्यांचे भाग इथेच आले. तो साठा आता आटतो आहे. आणखी एक गोष्ट आटते आहे आणि ती आम्हाला शिक्षक म्हणून जास्त टोचते. उस्तादांचा मुलगा मोबाईल दुरुस्त करतो, पुतण्या बाईकवरून जेवणाची पार्सले पोहोचवतो. कार्बोरेटर कानाने ऐकून जुळवणारा हात त्यांच्यानंतर त्या गल्लीत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही दहावी झालेल्या दोन मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे बसवले. कोणता स्क्रू किती फिरवायचा, कोणता आवाज कशाचा, हे ते उर्दूत आणि मराठीत लिहून घेत होते. पहिले दोन दिवस उस्तादांनी टाळले, ‘ये लिखने की चीज नहीं.’ तिसऱ्या दिवशी स्वतःच वही मागून एक आकृती काढून दिली. चौऱ्याहत्तर पाने भरली आहेत.

रोजचा अनुभव विचाराल तर गाडी लिटरला अकरा-बारा किलोमीटर देते. स्टिअरिंग जड आहे, गाडी लावताना दंड भरतात. एसी नाही. चाळीस अश्वशक्तीतून एसीला वाटा काढून द्यायला आमचे मन झाले नाही. रेडियल टायर घातल्यावर पावसात पकड बरीच सुधारली. तरी पुढच्या गाडीपासून अंतर इतरांपेक्षा दुप्पट ठेवतो आणि त्या जागेत कुणीतरी रिक्षा घुसवतो. मग पुन्हा मागे राहायचे. महामार्गावर ती नेत नाही, ऐंशीच्या वर काटा जाऊ देत नाही. पुण्याला जायचे तर ट्रेन आहे. ज्यांच्याकडे उघड्यावरच गाडी लावावी लागते, ज्यांना रोज चाळीस-पन्नास किलोमीटर जायचे आहे, किंवा ज्यांच्या घरात लहान बाळ आहे आणि एकच गाडी ठेवणे परवडते, त्यांनी या भानगडीत पडू नये. नव्या गाडीत एअरबॅग आहेत, एबीएस आहे, पद्मिनीत कितीही पैसा घातला तरी ते येणार नाही.

रंग शेवटी आला. मूळचा फिकट निळा, आरसी बुकात आहे तोच. मापाच्या डब्यात उरलेला थोडा रंग जपून ठेवला आहे. पावसाळ्याआधी दरवाज्यांचे रबर बदलायचे आहे, त्याचा नमुना सीएसटी रोडला दिला आहे. दर शनिवारी शाळा लवकर सुटते. त्या दुपारी ब्रेक ऑइल, पाणी, इंजिन ऑइल, पंख्याचा पट्टा आणि नळ्या तपासायच्या, हे काम धाकटीकडे आहे. पेट्रोलचा वास आला तर किल्ली न लावता आधी हाक मारायची, एवढे तिला पक्के सांगितले आहे.